राणीखेतला लस, बर्ड फ्लूला मात्र खड्डा, असे का?

पालघर, वसई-विरार आणि गुजरातकडून येणारा महामार्ग दहिसर चेकनाक्यावर मुंबईत शिरतो. पिंजऱ्यांत कोंबड्या भरलेले टेम्पोही याच वाटेने येतात आणि पश्चिम उपनगरांतल्या चिकनच्या दुकानांसमोर रिकामे होतात. त्यामुळे उत्तरेकडे कुठे बर्ड फ्लू आढळला की धास्ती आधी दहिसर-बोरिवलीला बसते. फेब्रुवारी २०२२ मध्ये तसेच झाले. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातील वेहळोली गावात सुमारे १०० कोंबड्या दगावल्या, तपासणीत बर्ड फ्लू निघाला आणि आसपासच्या सुमारे २५ हजार पक्ष्यांना मारण्याचा निर्णय झाला. पाठोपाठ वसई-विरार पट्ट्यातूनही बर्ड फ्लूची बातमी आली.

बातमी दरवेळी साधारण सारखीच असते. एक किलोमीटरच्या परिसरातील सगळ्या कोंबड्या, अगदी धडधाकट दिसणाऱ्याही, मारून खड्ड्यात पुरल्या जातात. पण याच कोंबड्यांना राणीखेत आणि गंबोरो या विषाणूजन्य रोगांच्या लशी ठरल्या दिवशी दिलेल्या असतात. मग बर्ड फ्लूलाच लस का नाही? या प्रश्नाचे अर्धे उत्तर कोंबडीच्या शरीरात आहे आणि अर्धे शरीराबाहेर.

नवापूरमध्ये काय घडले होते?

भारतात बर्ड फ्लूची पहिली नोंद महाराष्ट्रातच झाली. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर हे गुजरातच्या सीमेवरचे पोल्ट्री व्यवसायाचे गाव. २००६ च्या सुरुवातीला तिथे कोंबड्या मोठ्या संख्येने मरू लागल्या, तेव्हा अनेकांना ही राणीखेतचीच साथ वाटली. भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेने १८ फेब्रुवारी २००६ रोजी नमुन्यांत एच५एन१ हा विषाणू असल्याचे स्पष्ट केले. त्यानंतर काही लाख कोंबड्या मारण्यात आल्या. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातील काही गावांतही हाच विषाणू सापडला.

सुरुवातीचा गैरसमज अगदीच निराधार नव्हता. तीव्र राणीखेत आणि बर्ड फ्लू या दोन रोगांत मेलेली कोंबडी चिरून पाहिली, तर दोन्हीकडे आतड्यांत आणि जठरात रक्तस्राव दिसतो. धाप लागणे, हिरवट हगवण, अचानक मृत्यू ही लक्षणेही सारखीच. म्हणूनच केवळ डोळ्यांनी पाहून निदान करता येत नाही आणि प्रत्येक संशयित नमुना भोपाळला पाठवावा लागतो.

विषाणू कोंबडीच्या शरीरात नेमके काय करतो?

फ्लूच्या विषाणूच्या पृष्ठभागावर हिमॅग्लुटिनिन नावाचे प्रथिन असते. पेशीत शिरण्यासाठी हीच त्याची किल्ली. मात्र ही किल्ली तयार अवस्थेत नसते. कोंबडीच्याच शरीरातील एखाद्या विकराने, म्हणजे एन्झाइमने, ती एका ठरावीक जागी कापली तरच ती कुलपात फिरते.

सौम्य प्रकारच्या विषाणूची किल्ली कापणारी विकरे प्रामुख्याने श्वसनमार्गात आणि आतड्यात असतात. त्यामुळे तो विषाणू तिथेच अडकून राहतो. कोंबडीला सर्दी होते, अंडी घटतात आणि बहुतेक वेळा ती सावरते.

तीव्र एच५एन१ मध्ये याच कापायच्या जागी काही जादा अमिनो आम्ले जोडली गेलेली असतात. त्या बदलामुळे फ्युरिन नावाचे विकर ती किल्ली कापू शकते. फ्युरिन शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत असते. म्हणजेच विषाणूला आता फुप्फुस, हृदय, स्वादुपिंड, मेंदू असे कोणतेही दार बंद राहत नाही.

सर्वांत मोठे नुकसान रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराचे होते. कोंबडीत हा विषाणू त्या अस्तराच्या पेशींत वाढतो. अस्तर फाटले की रक्त आणि द्रव बाहेर झिरपू लागतो. तुरा आणि चोचीखालची लोंबती कातडी निळी-जांभळी पडते, डोके सुजते, पायांच्या नळ्यांवर लाल डाग उठतात. पोटातल्या अवयवांवर रक्ताचे ठिपके दिसतात. अनेक पक्षी तर कोणतेही लक्षण न दाखवता एक-दोन दिवसांत मरून पडतात. एखाद्या शेडमधील मृत्यूचे प्रमाण ९० ते १०० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते.

इथे वेळेचे गणित महत्त्वाचे. नव्या विषाणूविरुद्ध पुरेशी प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडीज, तयार करायला कोंबडीच्या शरीराला आठवडा-दीड आठवडा लागतो. विषाणूला मात्र दोन-तीन दिवस पुरतात. लस न मिळालेली कोंबडी ही शर्यत सुरू होण्याआधीच हरलेली असते.

कोंबडी मरते, मग बदक का वाचते?

हाच विषाणू अनेक जातींच्या जंगली बदकांच्या पोटात जातो आणि त्यांना फारसे काही होत नाही. याचे एक कारण २०१० मध्ये समोर आले. विषाणू पेशीत शिरताच धोक्याची घंटा वाजवणारे रिग-आय नावाचे एक जनुक बदकांत असते. कोंबडीत ते नाहीच. बदकाचे शरीर पहिल्या काही तासांतच प्रतिकार सुरू करते, कोंबडीचा प्रतिसाद उशिरा आणि विस्कळीत येतो.

यामुळेच हिवाळ्यात पाणपक्ष्यांच्या स्थलांतराच्या काळात पशुसंवर्धन विभाग अधिक सावध असतो. बदक धडधाकट दिसते, पण त्याच्या विष्ठेतून विषाणू पाण्यात पडत राहतो. खाडी, तलाव किंवा भाताच्या खाचरालगत मोकळ्या फिरणाऱ्या परसातल्या कोंबड्यांना त्याची लागण होऊ शकते.

राणीखेतची लस कशी काम करते?

राणीखेत हे उत्तराखंडमधील गाव. १९२०च्या दशकात तिथल्या साथीची नोंद झाली आणि भारतात रोगाला तेच नाव पडले. जगात हाच रोग इंग्लंडमधील न्यूकॅसल शहराच्या नावाने ओळखला जातो. आपल्याकडे खेड्यापाड्यांत त्याला मानमोडी म्हणतात, कारण मज्जासंस्थेवर हल्ला झालेल्या कोंबडीची मान पिळल्यासारखी वाकडी होते. याही विषाणूची तीव्रता त्याच्या प्रथिनावरील कापायच्या जागेवरच ठरते.

या रोगाचा सौम्य विषाणूच लस म्हणून वापरला जातो. सर्वाधिक परिचित असलेली लासोटा लस १९४०च्या दशकात अमेरिकेतील न्यू जर्सीत एका फार्मवर सापडलेल्या विषाणूपासून बनली. साधारणपणे पाचव्या ते सातव्या दिवशी पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकात तिचा एक थेंब टाकतात आणि चौथ्या आठवड्याच्या आसपास पुन्हा मात्रा देतात. गावठी कोंबड्यांना सहा ते आठ आठवड्यांच्या वयात आर-टू-बी ही लस टोचली जाते.

थेंब डोळ्यात किंवा नाकात टाकण्यामागे कारण आहे. विषाणू ज्या वाटेने येतो त्याच श्लेष्मल अस्तरावर पहारा बसवला जातो. रक्तातील प्रतिपिंडे आतले अवयव वाचवतात, तर अस्तरावरची प्रतिपिंडे दारातच अडवतात.

राणीखेतच्या विषाणूचे अनेक प्रकार असले तरी रोगप्रतिकारशक्तीच्या दृष्टीने ते एकाच गटात मोडतात. त्यामुळे जवळपास ८० वर्षांपूर्वीची लस आजही जीव वाचवते. पण ती लागण शंभर टक्के रोखत नाही. लस घेतलेली कोंबडी आजारी पडत नाही, तरी तिच्या नाकातून आणि विष्ठेतून तीव्र विषाणू थोड्या प्रमाणात बाहेर पडू शकतो. हा मुद्दा पुढे बर्ड फ्लूच्या संदर्भात कळीचा ठरतो.

गंबोरो वेगळा का?

राणीखेत आणि बर्ड फ्लू अवयव उद्ध्वस्त करतात. गंबोरोचा विषाणू थेट संरक्षण खात्यावरच हल्ला करतो. अमेरिकेतील डेलावेअर राज्यात गंबोरो नावाच्या ठिकाणाजवळ हा रोग प्रथम आढळला आणि १९६२ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले.

कोंबडीच्या गुदद्वाराच्या वरच्या बाजूला बर्सा नावाची एक छोटी पिशवी असते. तिचे काम काय, हे शतकानुशतके कुणाला ठाऊक नव्हते. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात ब्रूस ग्लिक हे संशोधक लहान पिल्लांची ही पिशवी काढून प्रयोग करत होते. त्यातल्याच काही कोंबड्या त्यांच्या सहकाऱ्याने वर्गातल्या प्रात्यक्षिकासाठी वापरल्या. जंतू टोचल्यावरही त्यांच्या रक्तात प्रतिपिंडे तयार झाली नाहीत, तेव्हा कोडे उलगडले. १९५६ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींना आज माणसातही बी-पेशी म्हणतात, त्यातला ‘बी’ या बर्सावरूनच आला आहे.

गंबोरोचा विषाणू साधारण तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांत या पिशवीतल्या कोवळ्या बी-पेशी मारतो. लागणीनंतर चौथ्या दिवसाच्या आसपास बर्सा सुजून दुप्पट होते आणि आठव्या दिवसापर्यंत आक्रसून मूळ वजनाच्या एक तृतीयांशावर येते. मांडीच्या आणि छातीच्या स्नायूंत रक्तस्रावाचे पट्टे दिसतात.

त्यातून वाचलेले पिल्लू वरकरणी बरे दिसते, पण त्याची प्रतिपिंडे बनवण्याची क्षमता खालावलेली असते. अशा पिल्लाला नंतर राणीखेतची लस दिली तरी ती नीट लागू होत नाही. शेतकऱ्याला वाटते लस बोगस निघाली. प्रत्यक्षात लस शरीरात गेली, पण तिला प्रतिसाद देणाऱ्या पेशीच पुरेशा उरल्या नव्हत्या. शिवाय हा विषाणू चिवट आहे. शेड रिकामी केल्यावरही तो तिथे काही महिने टिकून राहू शकतो.

लस देण्याचा दिवस इतका महत्त्वाचा का?

पिल्लू अंड्यातून बाहेर येताना आईची प्रतिपिंडे सोबत घेऊन येते. ती अंड्याच्या पिवळ्या बलकातून मिळतात. पहिल्या काही दिवसांत हेच त्याचे कवच असते. पण ती दर काही दिवसांनी निम्मी होत जातात आणि साधारण तीन आठवड्यांत संपत येतात.

पेच असा की हीच प्रतिपिंडे लशीतल्या जिवंत विषाणूलाही निकामी करतात. लस फार लवकर दिली तर ती वाया जाते, उशीर केला तर खरा विषाणू आधी पोहोचतो. गंबोरोची लस बहुतेक ठिकाणी दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी पिण्याच्या पाण्यातून देतात, ती या दोन टोकांमधला मध्य साधून. नेमका दिवस कळपानुसार बदलतो आणि तो पशुवैद्यकानेच ठरवावा लागतो.

पाण्यातून लस देताना आणखी एक काळजी घेतली जाते. नळाच्या पाण्यातील क्लोरिन जिवंत लस मारते. म्हणून बिनक्लोरिनचे पाणी घेतात किंवा पाण्यात साय काढलेल्या दुधाची पावडर मिसळतात. लस बर्फातून बाहेर राहिली, तरी तीच गत होते.

मग बर्ड फ्लूची लस का देत नाहीत?

लस बनवता येत नाही, असे मुळीच नाही. अडचणी तीन आहेत.

पहिली, विषाणू बदलतो. राणीखेतसारखा तो एका गटात राहत नाही. फ्लूचे विषाणू सतत रूप पालटतात आणि एकाच पक्ष्यात दोन प्रकार भेटले तर जनुकांची अदलाबदलही करतात. लस वारंवार बदलत राहावी लागते.

दुसरी, लपलेली लागण. लस घेतलेली कोंबडी मरत नाही आणि तिच्यातून बाहेर पडणारा विषाणूही बराच घटतो, पण तो शून्य होईलच असे नाही. आज कोंबड्या पटापट मरतात म्हणूनच साथ लगेच कळते. लशीमुळे मृत्यू थांबले आणि देखरेख मात्र ढिली राहिली, तर विषाणू कुणाच्या लक्षात न येता शेडमधून शेडमध्ये फिरत राहील. रक्त तपासून कोंबडीला लस मिळाली होती की लागण झाली होती, हे ओळखण्यासाठी खास लस आणि खास चाचण्या लागतात. राणीखेतमध्येही विषाणू थोडाफार बाहेर पडतोच. पण राणीखेत माणसाला फार तर डोळे येण्यापुरता त्रास देतो.

तिसरी अडचण इथेच आहे, माणसाचा जीव. जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदींनुसार २००३ पासून जगभरात ९०० हून अधिक लोकांना एच५एन१ची लागण झाली आणि त्यातले जवळपास निम्मे दगावले. भारतात २०२१ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये एका मुलाचा मृत्यू झाला, तो देशातील पहिला नोंदलेला बळी. सस्तन प्राणीही सुटलेले नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मरण पावला. भोपाळच्या तपासणीत कारण एच५एन१ निघाले.

या तिन्हींचा विचार करून भारताने तीव्र बर्ड फ्लूसाठी ‘शोधा आणि नष्ट करा’ हे धोरण ठेवले आहे. २०२१ च्या सुधारित कृती आराखड्यानुसार बाधित ठिकाणापासून एक किलोमीटरपर्यंतचे पक्षी मारले जातात आणि दहा किलोमीटरपर्यंत देखरेख ठेवली जाते.

इतर देशांत काय चालते?

चीनने मोठ्या प्रमाणावर लसीकरणाचा मार्ग धरला. तिथे एच७एन९ या प्रकाराने माणसांत शेकडो रुग्ण होत होते. २०१७ मध्ये कोंबड्यांना त्याची लस सुरू झाल्यावर पुढच्या हंगामात मानवी रुग्ण बोटांवर मोजण्याइतके उरले. फ्रान्सने ऑक्टोबर २०२३ पासून पाळीव बदकांना लस द्यायला सुरुवात केली. अमेरिकेने लगेच फ्रान्सच्या पोल्ट्री आयातीवर निर्बंध घातले. लसीकरण करणाऱ्या देशात विषाणू लपून राहत असेल, ही शंका व्यापारात महागात पडते.

भारतानेही सौम्य प्रकारासाठी दार उघडले आहे. एच९एन२ हा विषाणू आपल्याकडच्या पोल्ट्रीत पसरलेला आहे आणि तो अंड्यांचे उत्पादन घटवतो. २०१९ मध्ये मेळघाटातील एका बाळात हा विषाणू सापडला होता, ते बाळ बरे झाले. भोपाळच्या राष्ट्रीय संस्थेने याविरुद्ध मृत विषाणूची लस विकसित करून २०२२ मध्ये तिचे तंत्रज्ञान लस उत्पादक कंपन्यांना दिले. एच५एन१साठी मात्र पक्षी मारण्याचेच धोरण कायम आहे.

याची किंमत कोण मोजतो?

मारलेल्या पक्ष्यांची, नष्ट केलेल्या अंड्यांची आणि खाद्याची भरपाई केंद्र आणि राज्य निम्मी-निम्मी देतात. पण ही भरपाई सरकारने मारलेल्या पक्ष्यांची असते. रोगाने आधीच मेलेल्या कोंबड्या त्यात मोजल्या जात नाहीत. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावात सुमारे ८०० कोंबड्या दगावल्यावर बर्ड फ्लू स्पष्ट झाला. त्याच सुमारास मुंबईतील मेलेल्या कावळ्यांतही विषाणू आढळला आणि फेब्रुवारीत नवापूर पुन्हा बातम्यांत आले. तिथल्या शेडमध्ये १५ वर्षांत दुसऱ्यांदा सामूहिक खड्डे खणले गेले.

या नियमाचा एक अर्थ असा, की जो शेतकरी पहिल्या दहा कोंबड्या मेल्यावर कळवतो त्याचे नुकसान कमी होते आणि जो हजार मरेपर्यंत थांबतो त्याच्या हाती जवळपास काही लागत नाही. दुसरा अर्थ अधिक कडू आहे. परसात पाच-दहा कोंबड्या पाळून घरखर्चाला हातभार लावणाऱ्या बाईच्या कोंबड्या धडधाकट असल्या, तरी केवळ एक किलोमीटरच्या आत राहतात म्हणून जातात. तिच्या कोंबड्यांना राणीखेतचीही लस बहुधा मिळालेली नसते, कारण लशीची कुपी शेकडो मात्रांची येते आणि एकदा उघडली की काही तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी कुपी कोण उघडणार? राणीखेतची लस तिच्या अंगणापर्यंत नियमित पोहोचली, तर एक फायदा नक्की होईल. एरवी दरवर्षी मानमोडीने मरणाऱ्या कोंबड्यांच्या गर्दीत बर्ड फ्लूचे पहिले मृत्यू झाकून जातात, ते वेळेत उठून दिसतील.

दहिसरकरांनी काय लक्षात ठेवावे?

* नीट शिजवलेले चिकन आणि अंडी सुरक्षित आहेत. आतपर्यंत ७० अंश सेल्सिअस तापमानाला विषाणू मरतो आणि आपल्याकडचा रस्सा त्याहून कितीतरी जास्त उकळतो.
* खरा धोका कच्चे मांस हाताळताना असतो. कच्च्या मांसाची सुरी आणि पाट वेगळा ठेवावा, हात साबणाने धुवावेत. साथीच्या काळात कच्चे किंवा अर्धे उकडलेले अंडे टाळावे.
* दुकानात सुस्त, डोके सुजलेली किंवा निळ्या तुऱ्याची कोंबडी दिसली तर घेऊ नये.
* कावळे, कबुतरे किंवा पाणपक्षी एकाच ठिकाणी मरून पडलेले दिसले तर हात लावू नये. महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर कळवावे.
* घरी कोंबड्या पाळत असाल तर त्यांना खाडीकाठी मोकळे सोडू नये आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात राणीखेतच्या लशीची चौकशी करावी. शेजाऱ्यांच्या कोंबड्या मिळून एकाच दिवशी लस घेतली, तर एक कुपी सगळ्यांना पुरते.